आप्पांची पोळी आणि खंड्याचें शिक्षण

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक प्रसंग घडला आणि त्या प्रसंगानें घरांतील नऊ माणसांचीं चार मतें झालीं. ह्या सदराच्या वाचकांस घरगुती गोष्टी ऐकविण्याची माझी खोड जुनीच आहे. तेव्हां हीहि ऐकवितों. प्रसंग एवढाच, कीं आमच्या खंड्या नांवाच्या कुत्र्यानें माझ्या पुतण्याच्या चार वर्षांच्या मुलाचा, बंडूचा, हात तोंडांत धरला. रक्त फार आलें नाहीं, पण दांत लागले होते. लागलीच साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें जखम धुतली, डॉक्टरांकडे नेलें, आणि श्वानदंशावरील लशीच्या टोंचण्या सुरू झाल्या. बंडू दोन दिवसांनीं सारें विसरला. मोठीं माणसें मात्र विसरलीं नाहींत.

आम्ही राहतों तें मारुंजी हें मुळशी तालुक्यांतील गांव. शेजारीं हिंजवडीस संगणकाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि ह्या गांवाचें रूप पाहतां पाहतां पालटलें. आमच्या सज्जांतून एका बाजूस पाहावें तर वीस-वीस मजल्यांच्या इमारती, आणि दुसऱ्या बाजूस पाहावें तर कडब्याची गंज व दावणीला बांधलेली खिल्लारी जोडी. पुण्यांतील जुना वाडा सोडून आमचें एकत्र कुटुंब येथें एकाच मजल्यावरील दोन जोडघरांत राहावयास आलें, त्यास आतां नऊ वर्षें झालीं. खंड्या हा त्या दोन बाजूंच्या मधोमध सांपडला. एका नव्या इमारतीच्या पायासाठीं खणलेल्या खड्ड्याच्या कांठीं भिजत बसलेलें तें गांवठी पिलूं माझ्या पुतण्यानें पावसाळ्यांत उचलून आणलें. 'चार दिवस राहूं दे,' असें ठरलें होतें. त्या चार दिवसांचीं तीन वर्षें झालीं.

प्रसंगानंतर माझे धाकटे बंधु नाना, म्हणजे बंडूचे आजोबा, यांनीं स्पष्ट सांगितलें कीं कुत्र्यास दुसरीकडे पोंचविल्यावांचून आपण ह्या घरांत जेवणार नाहीं. पुतण्या म्हणाला, मुलानें कुत्र्याच्या भांड्यांत हात घातला होता, दोष कुत्र्याचा नाहीं. तीर्थरूप आप्पा, वय वर्षें चौऱ्यायशीं, म्हणाले, "जनावर आहे, चालावयाचेंच." सूनबाई कांहींच बोलली नाहीं, पण त्या दिवसापासून तिनें बंडूस क्षणभरहि नजरेआड होऊं दिलें नाहीं, व तिचें हें न बोलणें आम्हां सर्वांस नानांच्या बोलण्यापेक्षां जड वाटूं लागलें.

मागची हकीकत थोडी सांगणें अवश्य आहे. खंड्यास दोन खोडी होत्या. पानें मांडलीं कीं तो आप्पांच्या पाटाशीं उभा राहून भुंके. आणि त्याच्या भांड्याजवळ कोणी गेलें, विशेषतः बंडू, तर तो गुरगुरे. नाना वर्तमानपत्राची सुरळी करून त्याच्या नाकावर मारीत. पुढें एका पगारी शिक्षकास सहा आठवडे लाविलें. ह्या गृहस्थांनीं खेंचली असतां गळ्यास आवळणारी एक सांखळी आणिली, आणि 'कुत्रें हें लांडग्याच्या जातीचें, त्यास कळपाचा नायक कोण हें कळलें पाहिजे,' असें समजावून सांगितलें. प्रत्येक गुरगुरण्यास एक हिसका, असा पाठ सुरू झाला. महिन्याभरांत गुरगुर थांबली. आम्ही पेढे वांटावयाचे तेवढे राहिलों होतों. तो आनंद किती अडाणीपणाचा होता हें वैशाखांतल्या त्या दुपारीं कळलें. कारण बंडूनें भांड्यांत हात घातला तेव्हां खंड्या गुरगुरला नाहीं, त्यानें एकदम धरलें.

आमच्याच इमारतींत पोलिसांच्या श्वानपथकांत हयात घालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. मुलें त्यांस काका म्हणतात, म्हणून आम्हीहि काकाच म्हणतों. नानांचा निश्चय अंमलांत येण्यापूर्वीं मीं त्यांस एकदां येऊन पाहण्याची विनंति केली. ते जेवणाच्या वेळीं आले, खुर्ची भिंतीशीं ओढून बसले, आणि एका कागदावर रेघा मारीत राहिले. कुत्र्याकडे त्यांनीं फारसें पाहिलेंच नाहीं. ते आमच्याकडे पाहत होते. पानें उठल्यावर त्यांनीं कागद पुढें केला. "खंड्या सतरा वेळां भुंकला. चौदा वेळां कोणीं लक्ष दिलें नाहीं, किंवा नाना ओरडले. तीन वेळां पाटाखालून पोळीचा तुकडा मिळाला. आप्पा, आपण रागावूं नका. पण ह्या कुत्र्यास भुंकावयास आपणच शिकविलें आहे, आणि फार उत्तम शिकविलें आहे."

आप्पा रागावले. तीन तुकड्यांनीं काय होतें, असें त्यांचें म्हणणें. आणि खरी मौज येथेंच आहे.

१८९८ मध्यें अमेरिकेंत थॉर्नडाइक नांवाच्या तरुण संशोधकानें उपाशी मांजरांस खिळीच्या पेट्यांत कोंडून पाहिलें. मांजर धडपडे, ओरबाडे, आणि चुकून खीळ हाललीच तर दार उघडून बाहेरच्या खाद्यापाशीं पोंचे. पुनःपुन्हां कोंडल्यावर निरर्थक धडपड कमी होत जाई व खिळीवर पंजा अधिक लवकर पडे. मांजरास कोणीं समजावून सांगितलें नव्हतें, कोणीं मारलेंहि नव्हतें. ज्या कृतीच्या पाठोपाठ सुख येतें ती कृति टिकते, एवढाच त्याचा निष्कर्ष. पुढें स्किनर ह्या शास्त्रज्ञानें उंदीर व कबुतरें घेऊन ह्या एका सूत्राचें मोठें शास्त्र बनविलें. १९३८ मधला त्याचा ग्रंथ ह्या विषयांतील पायाचा दगड मानतात. कृतीस बळ देणाऱ्या फळास मराठी मानसशास्त्राच्या पुस्तकांत 'प्रबलन' असें नांव आहे. हवीशी वस्तु देऊन बळ दिलें तर तें धन प्रबलन. शब्द जड आहे, पण पाटाखालची पोळी तीच.

आतां तीन तुकड्यांची गोष्ट. फळ प्रत्येक वेळीं मिळत असेल आणि एक दिवस बंद झालें, तर जनावर लवकर तो नाद सोडतें. फळ कधीं मिळे, कधीं न मिळे, आणि केव्हां मिळेल याचा नेम नसे, तर तेंच जनावर शेंकडों वेळां फुकट गेलें तरी सोडीत नाहीं. स्किनर व फर्स्टर यांनीं १९५७ च्या ग्रंथांत अशा अनियमित फळांचे आलेखच्या आलेख दिले आहेत. मटक्याचा नाद सुटत नाहीं तो ह्याच कारणानें. रोज आंकडा लागता तर त्यांत कोणी गुंतलें नसतें. म्हणजे सतरांतून तीन हें प्रमाण आप्पांनीं मुद्दाम शोधून काढलें असतें तरी ह्याहून नेमकें साधलें नसतें.

आणि एकत्र कुटुंबासारखी ह्या अनियमितपणास सोयीची जागा दुसरी कोणती असणार! एका घरांत नऊ हात. एक देतो, दुसरा रागें भरतो, तिसरा 'आजच्या दिवस' म्हणतो, चौथा कोणी पाहत नाहींसें बघून देतो. आमच्या मातोश्री तर नैवेद्याचे बेदाणे त्याच्यापुढें टाकीत. काकांनीं तें मात्र त्याच दिवशीं कडक शब्दांत बंद करविलें. द्राक्षें व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांस घातक ठरतात, आणि कांदा व चॉकलेटहि त्यास विषासमान आहेत, हें आमच्यापैकीं एकासहि ठाऊक नव्हतें. गृहिणींनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें.

ठरलें असें कीं पाटावरून कोणींहि कांहींहि द्यावयाचें नाहीं. काकांनीं बजावलें, "पहिले तीन-चार दिवस भुंकणें वाढेल. तेव्हां कोणी विरघळलें, तर त्यास एवढेंच कळेल कीं आतां पूर्वींपेक्षां मोठ्यानें भुंकलें म्हणजे मिळतें." नेमकें तसेंच झालें. तिसऱ्या दिवशीं खंड्यानें असा आकांत मांडिला कीं खालच्या मजल्यावरून विचारणा आली, आणि आप्पांचा हात पाटाखालीं गेला. तो सूनबाईनें पाहिला. सासरच्या आजोबांस ती कधीं उलट बोललेली मीं ऐकली नव्हती. ती एवढेंच म्हणाली, "आप्पा, बंडूसाठीं." हात परत वर आला. त्या रात्रीं आप्पा अर्धपोटीं उठले असावेत.

पण नुसतें न देणें ही अर्धीच विद्या होय. कुत्र्यानें भुंकूं नये, हें झालें. मग त्यानें करावें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापैकीं कोणापाशीं नव्हतें, आणि मारण्याच्या पद्धतीचा दोषहि हाच कीं तिच्यापाशीं तें नसतें. सुरळीनें नाकावर मारल्यास 'हें नको' इतकेंच कळतें, तेंहि बहुधा 'नाना जवळ असतांना नको' असें. काकांनीं जेवणघराच्या दाराशीं एक जुनी सतरंजी घातली. तिच्यावर खंड्याचा पाय पडला कीं एक विशिष्ट आवाज करावयाचा व लगेच तुकडा द्यावयाचा. आवाजासाठीं त्यांनीं खिशांतलें चापाचें बॉलपेन काढलें: टक्! तुकडा पोंचण्यास दोन-तीन क्षण लागतात, आणि तेवढ्यांत कुत्रें उठून शेंपूट हालवूं लागलें तर बक्षीस बसण्याचें न होतां उठण्याचें होतें. 'टक्' मात्र क्षणांत पोंचतें, व 'हें, हें जें तूं आतां केलेंस तें' असें सांगतें. समुद्रांतील डॉल्फिन माशांस (शास्त्रदृष्ट्या ते मासे नव्हेत, पण असो) शिटीच्या खुणेनें शिकवितात तें ह्याच रीतीनें. हवाई बेटांवर कॅरेन प्रायर ह्या बाईंनीं १९६० नंतरच्या दशकांत त्यावर केलेलें काम प्रसिद्ध आहे, आणि कुत्र्यांच्या शिक्षणांत ही रीत आणण्यांत त्यांचा मोठा वांटा आहे. काकांच्या पेशांत बक्षिसास कलेजी वापरतात. आमच्या स्वयंपाकघरांत तें शक्य नव्हतें. पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे चालले.

दहा दिवसांत खंड्या पानें मांडण्याचा आवाज ऐकून आपण होऊन सतरंजीवर जाऊं लागला.

गुरगुरण्याचें प्रकरण निराळें, आणि अधिक नाजूक. काका म्हणाले, "गुरगुरणें म्हणजे त्याची सूचना होती: 'मला भीति वाटते, दूर व्हा.' तुम्हीं सूचनेस शिक्षा केली. भीति होती तेथेंच राहिली, सूचना तेवढी गेली." ऐकतांना आम्हां सर्वांच्या माना खालीं गेल्या. नायकत्वाच्या सिद्धान्ताविषयीं विचारलें तेव्हां ते हंसले. लांडग्यांच्या झुंजींतून नायक ठरतो ही कल्पना शेंकेल याच्या १९४७ मधील निबंधापासून रूढ झाली. पण त्यानें पाहिलेले लांडगे पिंजऱ्यांत एकत्र कोंडलेले, एकमेकांस परके होते. डेव्हिड मेक ह्या अमेरिकन संशोधकानें पुढें मोकळ्या रानांत वर्षानुवर्षें लांडगे पाहिले, आणि १९९९ मध्यें लिहिलें कीं रानांतला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंबच असतें. आईबाप आणि त्यांचीं पोरें. हें ऐकून आप्पांस बरें वाटलें. नानांस तितकें वाटलें नाहीं.

मग जें केलें तें पाव्हलोव्हच्या कुत्र्याचा धडा गिरविण्यासारखें होतें. घंटेपाठोपाठ अन्न येत गेलें कीं नुसत्या घंटेनें लाळ सुटते, हा प्रयोग शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक आहे. येथें घंटेच्या जागीं बंडू. तो बारा हातांवर दिसला कीं खंड्यापुढें पनीर. बंडू गेला कीं पनीर बंद. आठवड्यानें दहा हात, मग आठ. कुत्र्याचें अंग ताठलें, जीभ आंत गेली, डोळ्याचा पांढरा भाग दिसला, कीं आपण फार जवळ आलों असें समजून दोन हात मागें जावयाचें. ह्या मागें जाण्यांत आमचे दोन महिने गेले. पुतण्यास घाई, आणि घाईनें दोनदां सारें बिघडलें. बंडूचेंहि शिक्षण झालेंच: झोंपलेल्या कुत्र्यास मिठी मारावयाची नाहीं, त्याच्या भांड्याकडे जावयाचें नाहीं. भांडें सज्जांत जाळीच्या दारामागें गेलें. खंड्या गुरगुरला तर आतां त्यास कोणी रागावत नाहीं. मूल दूर करतात.

ही केवळ मायाळूपणाची गोष्ट आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं पोर्तुगालांतील एक परीक्षा पाहावी. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या ह्या संशोधनांत निरनिराळ्या शिक्षणशाळांतील ९२ पाळीव कुत्रीं तपासलीं. हिसके, दटावण्या यांवर अधिक भर देणाऱ्या शाळांतील कुत्र्यांत शिक्षणाच्या वेळीं तणावाचीं चिन्हें अधिक दिसलीं, लाळेंतील तणावद्रव्य पाठानंतर अधिक वाढलेलें आढळलें, आणि शाळेबाहेरच्या एका चांचणींतहि तीं अधिक निराशावादी ठरलीं. पशुवर्तनाचा विचार करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या मंडळानेंहि २०२१ मध्यें बक्षिसाचीच पद्धति वापरावी असा स्पष्ट निर्वाळा दिला आहे.

आमच्या महाराष्ट्रास हें ज्ञान अगदीं परकें नव्हतें. विष्णुपंत छत्र्यांनीं १८८० मध्यें 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली, ते मूळचे घोड्यांच्या विद्येंतले. पुण्यांत १९०२ मध्यें जन्मलेले दामू धोत्रे वाघ, सिंह व बिबळे एकाच पिंजऱ्यांत खेळवीत जगभर गाजले. फ्रान्सच्या आल्फ्रेड कोर्टबरोबर ते अमेरिकेच्या रिंग्लिंग बंधूंच्या सर्कशींत गेले. कोर्टची ख्याति धाकापेक्षां धीरानें व मांसाच्या तुकड्यांनीं जनावर वळविणारा अशी होती. म्हणून पिंजऱ्यांतल्या त्या आयुष्याचे गोडवे गावे असें मला वाटत नाहीं. अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांस खेळांत उतरविण्यास सरकारनें १९९८ मध्यें बंदी केली, सर्वोच्च न्यायालयानें ती २००१ मध्यें उचलून धरली, आणि तें योग्यच झालें.

काकांस मात्र सर्कशीपेक्षां जंजीरची गोष्ट प्रिय. पुण्यास शिवाजीनगरांत गुन्हे अन्वेषण विभागाचें श्वानशिक्षण केंद्र आहे. तेथें तयार झालेला हा लॅब्रेडॉर कुत्रा मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक पथकांत होता. १९९३ च्या स्फोटांनंतर त्यानें हुडकून दिलेल्या आर्‌डीएक्सचा आंकडा ३,३२९ किलो सांगतात. शिवाय शेंकडों स्फोटकनळ्या व हातगोळे. नोव्हेंबर २००० मध्यें तो मरण पावला तेव्हां त्यास पोलिसांनीं मानवंदना दिली. मीं विचारलें, एवढें जोखमीचें काम कुत्रें करतें तें कोणत्या धाकानें? काका म्हणाले, "धाकानें नाक चालत नाहीं. त्याच्या लेखीं तो चेंडूचा खेळ असतो. वास सांपडला कीं चेंडू मिळतो, इतकेंच त्यास ठाऊक."

बक्षिसानें वाटेल तें साधतें असेंहि नव्हे. स्किनरचेच शिष्य केलर व मॅरियन ब्रेलंड ह्या दांपत्यानें जनावरें शिकविण्याचा धंदाच काढला होता. त्यांनीं १९६१ मध्यें प्रांजळपणें लिहून ठेविलें आहे कीं नाणें पेटींत टाकावयास शिकविलेला रॅकून तें टाकण्याऐवजीं दोन्ही हातांत धरून चोळीत बसे, आणि डुकरें नाणें नाकानें उकरीत बसत, बक्षीस हुकलें तरी. जातीचा स्वभाव आड येतो. खंड्याहि आज बंडूचा सवंगडी झालेला नाहीं. त्या दोघांस एकटें सोडावयाचें नाहीं हा नियम आहे, व तो राहील.

आप्पा रोज सकाळीं फिरावयास जातात ते समोरच्या गोठ्यावरून. आमच्या ह्या पट्ट्यांत, विशेषतः मावळ, खेड, चाकणाकडे, यात्रेस बैलगाड्यांचे घाट भरतात. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्यें ह्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्रानें २०१७ मध्यें कायदा दुरुस्त केला. डिसेंबर २०२१ मध्यें अटींवर मोकळीक मिळाली. आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो कायदा वैध ठरविला. चाबूक, काठी, विजेचा धक्का यांस नियमांत मनाई आहे. ती प्रत्येक घाटावर पाळली जाते असें सांगण्याचें धाडस मी करणार नाहीं. पण गोठ्याच्या मालकानें आप्पांस सांगितलेलें मला विसरतां येत नाहीं. ते म्हणाले, "मारून पळवलेला बैल एक दिस पळतो, आप्पा. दुसऱ्या दिशी जू बघितलं की मान फिरवतो. माझा ह्यो बघा, जू उचललं की आपसूक खाली येतो. त्येला ठावं हाय, मानेवर जू बसलं की गूळ." आप्पा घरीं आले ते हीच गोष्ट सांगत, जणूं काय काकांनीं चार महिने दुसरेंच कांहीं सांगितलें होतें.

नाना अजून खंड्याशीं बोलत नाहींत. परंतु त्यास पोंचविण्याची गोष्टहि त्यांनीं श्रावणानंतर काढलेली नाहीं, आणि पनीर संपल्याचें बहुतेक वेळां प्रथम त्यांच्याच लक्षांत येतें.

काल रात्रीं पानें मांडलीं, खंड्या सतरंजीवर जाऊन बसला, आणि चापाचें पेन कोठें सांपडेना. आप्पांनीं खिसे चाचपले, चष्म्याचें घर उघडून पाहिलें. कुत्रा एकदां आप्पांकडे व एकदां दाराकडे पाहत बसून होता. तेवढ्यांत सूनबाईच्या मांडीवर बसलेल्या बंडूनें टाळ्यास जीभ लावून 'टक्' केलें. खंड्यानें कान टवकारले. आप्पा वाटींतला तुकडा घेऊन गुडघ्यावर हात ठेवीत उठले आणि दाराकडे निघाले.